भाषा सोपी करून भागणार नाही, वाटा बोला!

पुण्या-मुंबईच्या डाव्या आणि पर्यावरणवादी मित्रांना सध्या एका चिंतेने ग्रासले आहे. त्यांचे म्हणणे असे की, आमचे विचार बरोबर आहेत, विश्लेषण बिनतोड आहे, फक्त ते ‘सामान्य माणसापर्यंत’ पोहोचत नाही. मग उपाय काय? शब्द सोपे करा, व्हिडिओ छोटे करा, पोस्टर रंगीत करा, जमलेच तर बोलीभाषेत बोला आणि शेवटी एखादे लोकगीत वाजवा. यासाठी आता शिबिरे होतात, प्रशिक्षक येतात, चहा-नाश्त्यासह दोन-दोन दिवस ‘संवाद कौशल्या’वर चर्चा चालते.

आम्ही जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या अवतीभवती काम करणारे आंबेडकरी कार्यकर्ते आहोत. अशा शिबिरांची निमंत्रणे आम्हालाही येतात आणि आमच्याकडून अपेक्षा असते ती बहुतेक वेळा एकच : ‘तुमच्या वस्तीतले पन्नास लोक आणा.’ म्हणून एकदा स्पष्ट बोललेले बरे. या मित्रांनी रोगाचे निदानच चुकीचे केले आहे. लोकांना तुमचे शब्द कळत नाहीत म्हणून ते तुमच्यापासून लांब राहतात, हा तुमचा गोड गैरसमज आहे. लोक अवघडातला अवघड शब्द पचवतात. त्या शब्दामागे आपल्या ताटात काय पडणार, हे मात्र त्यांना आधी दिसावे लागते.

पुरावा पाहिजे? जिंतूरच्या बसस्टँडजवळच्या कोणत्याही हॉटेलात चहा घेत बसा. उन्हाळ्याच्या तोंडावर ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्द तुमच्या कानावर पडेलच. ‘हवामान बदल’, ‘शाश्वत विकास’ यांच्यापेक्षा हा शब्द सोपा आहे काय? तो संस्कृतातून कोरून काढलेला, सरकारी दप्तरात शोभणारा शब्द आहे. तरी चौथी नापास माणूस तो ठसक्यात उच्चारतो, कारण २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी मिळण्याचा रस्ता काढला. त्यावर वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या, २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठवाड्याचा हक्क मान्य केला, आणि दर टंचाईच्या वर्षी ‘वरचे पाणी सोडत नाहीत’ म्हणून इथला माणूस आजही पेटतो. शब्दाबरोबर पाणी येणार होते, म्हणून शब्द पोहोचला. कोणत्याही प्रशिक्षकाने तो सोपा करून दिला नव्हता.

आणखी एक घ्या. ‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’ या दोन शब्दांतला फरक मराठवाड्यातल्या कोणत्याही बौद्ध वस्तीत विचारा. शाळेचे तोंड न पाहिलेली आजी तुम्हाला सांगेल, की २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात आपली घरे जळाली, माणसे मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला जे मिळाले त्याला नामविस्तार म्हणतात. व्याकरणाच्या पुस्तकाने न शिकवलेला हा अर्थभेद लोकांनी सोळा वर्षे अंगावर घेऊन शिकला. संविधानाचेही तेच. ते मुळात इंग्रजीत, वकिली भाषेत लिहिले गेले. तरी भूमिहीन मजुराच्या घरात ते ‘आपले’ पुस्तक म्हणून फोटोशेजारी ठेवलेले असते. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा रस्त्यावर आलेल्या पोरांना कोणी कलमे समजावून सांगितली नव्हती. आपले काय मोडले जाते आहे हे त्यांना ठाऊक होते.

तेव्हा लोकांच्या आकलनाबद्दलची ही कणव आधी बाजूला ठेवा. ‘सामान्य माणसाला समजेल असे’ या वाक्यात एक जुना ब्राह्मणी दर्प आहे : ज्ञान आमच्याकडे, अज्ञान त्यांच्याकडे, आणि मध्ये आम्ही बांधलेला पूल.

आता येलदरीकडे येऊ. पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. भिंत चार किलोमीटरहून लांब, एकूण साठवण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ढोबळमानाने ३३ टीएमसी. पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजघर. इथून सुटलेले पाणी खाली हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणात अडते आणि तिथून कालव्याने वसमत, परभणी, नांदेडच्या दिशेने जाते. वसमतच्या बाजूचा ऊस आणि हळद या पाण्यावर उभी आहे. परभणी शहर आणि जिंतूर यांचे पिण्याचे पाणीही येलदरीतूनच येते. मराठवाड्यात जायकवाडीनंतर ज्या धरणांकडे डोळे लावून बसतात त्यांत येलदरी पुढे आहे.

पण हे पाणी कोणाचे? कायदा याचे उत्तर फार प्रामाणिकपणे देतो. ज्या २००५ च्या कायद्याच्या जोरावर मराठवाडा नाशिक-नगरकडे समन्यायी वाटा मागतो, त्याच कायद्यात सिंचनाच्या पाण्याचा कोटा लाभक्षेत्रातल्या जमीनधारकाला द्यायचा असे लिहिले आहे. त्याच वर्षी सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा दुसरा कायदा झाला. पाणी वापर संस्थेचे सभासद कोण, तर लाभक्षेत्रात जमीन असलेले. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो या हिशोबात माणूस म्हणूनच मोजला जात नाही. समन्याय जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत येतो आणि गावाच्या वेशीवर थांबतो. बौद्धवाडा, मांगवाडा, तांडा, भोयांची आळी, पारध्यांची पाले, यांच्यापर्यंत तो येत नाही. वरच्या धरणवाल्यांना ‘पाणीचोर’ म्हणणारा आमच्याच भागातला बागायतदार आपल्या शेतात राबणाऱ्या बाईला पाण्याचा हक्क असू शकतो ही कल्पना ऐकून हसतो. डाव्या मित्रांनी बोलायला सुरुवात करायची तर या हसण्यापासून करायला हवी. ते मात्र ‘मराठवाड्याचा अनुशेष’ म्हणून थांबतात, कारण तिथे टाळ्या मिळतात.

जिंतूर तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कोयता उचलतात. उसाला सर्वांत जास्त पाणी लागते हे कृषी विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे नदीचे पाणी उसाच्या मुळाशी जाते आणि त्या नदीकाठचा भूमिहीन माणूस त्या उसाच्या मागे सहा महिने फडावर जातो. पाणी आणि माणूस दोन्ही एकाच पिकाने ओढून घेतले. हे सांगायला ‘कृषी-भांडवली चयापचयातील दरी’ वगैरे म्हणायची गरज नाही, आणि म्हटले तरी आमची हरकत नाही. हरकत याला आहे, की हे वाक्य पुस्तकात येते, परिसंवादात येते, आणि कालव्याच्या पाळीची बैठक असते तेव्हा बोलणारा कोणी नसतो.

रोजगार हमीचा इतिहासही असाच अर्धा सांगितला जातो. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि पाझर तलाव खोदायला गेली. त्यातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, आणि जगाने त्याचे कौतुक केले ते योग्यच आहे. पण पाझर तलाव खोदला कोणी आणि विहिरी कोणाच्या भरल्या? डोक्यावर पाटी वाहिलेल्या बाईच्या हाती मजुरी आली, ती त्या महिन्यात संपली. पाझरलेले पाणी खालच्या विहिरवाल्याकडे कायमचे राहिले. पुढे जलयुक्त शिवार आले, श्रमदानाच्या स्पर्धा आल्या. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपने २०१६ पासून काही वर्षे गावेच्या गावे कुदळ-फावडे घेऊन उतरवली. संवादाचे कौशल्य म्हणाल तर याहून सरस उदाहरण महाराष्ट्रात सापडणार नाही : उत्तम मराठी, उत्तम चित्रीकरण, शास्त्र सोपे करून सांगितलेले, शहरातली माणसे ‘जलमित्र’ होऊन राबायला आली. अनेक गावांत पाणी अडले हेही आम्ही नाकारत नाही. पण अडलेल्या पाण्याचा मालक कोण, हा प्रश्न त्या स्पर्धेच्या गुणपत्रिकेच्या केंद्रस्थानी कधीच आला नाही. तो आला असता तर गाव इतके सहज एकत्र आले असते काय? ज्यांना केवळ पोहोचायचे आहे त्यांच्यासमोर हा सोपा रस्ता कायम मोकळा आहे. वाट्याचा प्रश्न गाळा, सगळे तुमचेच आहेत.

मधे एका संस्थेने येलदरी कॅम्पावर हवामान बदलाचे एक दिवसाचे शिबिर घेतले. बहुतेक शेतमजूर बाया होत्या. शिकवणारा तरुण मनापासून शिकवत होता, त्याच्याबद्दल आमच्या मनात काही आकस नाही. त्याने पावलाचे चित्र काढून कार्बनचे ठसे समजावले, मग पाणी जपून वापरण्याचे पाच मार्ग सांगितले. तेव्हा मागच्या रांगेतली एक मावशी उठली. ‘सर, वाचवायला आधी असावं लागतंय की. आमच्याकडं आठा दिवसाला नळ येतोय. त्यातलं काय वाचवावं, सांगा बरं.’ बाया हसल्या. सरही हसले आणि म्हणाले, ‘हा स्थानिक प्रश्न आहे, आपण नंतर बोलू.’ नंतर जेवण झाले आणि गाडी निघाली. त्या खोलीत पर्यावरणाबद्दलचे सर्वांत शास्त्रशुद्ध वाक्य त्या मावशीचे होते. कोण किती वापरतो, कोणाकडून वाचवण्याची अपेक्षा केली जाते आणि कोणाला कधी विचारले जात नाही, हा सगळा हिशोब तिने एका दमात मांडला. पण शिबिराच्या अहवालात ‘सहभागी महिलांमध्ये जाणीवजागृती झाली’ असे छापले असेल, याची आम्हाला खात्री आहे.

यापेक्षा गंभीर प्रकरण गायरानाचे आहे. इथे प्रश्न न पोहोचण्याचा उरत नाही. पर्यावरणाची भाषा इथे थेट आमच्या माणसांवर उलटते.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या अखेरीस भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत बायका लेकरांसह तुरुंगात गेल्या. मागणी सोपी होती : पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. मराठवाड्यात दलितांनी गायरानाचे दगडगोटे वेचून, काट्या तोडून ती जमीन ज्वारी-तूर पिकवण्याजोगी केली. त्यापायी मार खाल्ला, पिके पेटवलेली पाहिली, बहिष्कार सोसले. १९९१ मध्ये राज्य सरकारने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. तारीख बघा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा आरंभदिन. पुढे एकनाथ आवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्या कागदासाठी आयुष्य घातले. तरी आजही कित्येकांच्या हाती सातबारा नाही. तलाठ्याच्या दप्तरात ते ‘अतिक्रमणधारक’च आहेत.

आता या जमिनीकडे हरित डोळ्यांनी पाहा. २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. निसर्गप्रेमींनी त्याचे स्वागत केले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे, पण स्वागताच्या लेखांत तो अपवाद शोधावा लागतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली आणि गावोगाव नोटिसांचा धसका पसरला. धनदांडग्यांचे मंगल कार्यालय आणि विधवा बाईचा दीड एकराचा तुकडा, दोघांसाठी शब्द एकच : अतिक्रमण. वृक्षलागवडीच्या मोहिमेत खड्डे कुठे पाडायचे, तर गायरानात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सरकारी जमीन शोधायची, तर पुन्हा गायरान. सूर्यप्रकाश सगळ्यांचा, वीज शेतीच्या पंपाला, पंप जमीनवाल्याचा, आणि जागा मात्र भूमिहीनाच्या ताब्यातली! झाड कोणाला नको आहे? सौरऊर्जा कोणाला नको आहे? परंतु गावातली प्रत्येक हिरवी गोष्ट आमच्याच पायाखालच्या जमिनीवर का उगवते, याचे उत्तर पर्यावरणवादी मित्र देत नाहीत तोवर त्यांची भाषा कितीही गोड असली तरी आमच्या वस्तीत तिचा अर्थ नोटीस असाच लावला जाईल.

गायरानावर गुरे-मेंढरे चारणाऱ्यांचाही हक्क आहे, आणि धनगर व दलित यांना एकमेकांवर सोडून गावातले जमीनदार बांधावर बसून मजा बघतात, हे आम्हाला दिसते. सामायिक जमिनीचा सामायिक वापर कसा व्हावा यावर बसून बोलता येईल. मात्र त्या बैठकीत कसणारा ‘गुन्हेगार’ म्हणून बसणार नाही.

हे सगळे असे का होते? मुळाशी एक जुनी खोट आहे. डाव्यांनी जात ही वरवरची बाब मानली आणि हरितांनी गाव ही पवित्र बाब मानली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, तिथे अस्पृश्यांना प्रवेश नाही, कारण धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागे आणि स्पृश्य कामगाराला विटाळ होई. १९२० च्या दशकातल्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे केला, तेव्हा कामगार एकजुटीची गाणी गाणाऱ्यांकडे त्याला धड उत्तर नव्हते. संदेश पोहोचत नव्हता असे नाही. अस्पृश्य कामगारापर्यंत तो अचूक पोहोचत होता : क्रांती तुमची, विटाळही तुमचाच. उलट १९३८ च्या जानेवारीत खोतीविरोधात कोकणातले कुळ-शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर गेले, तेव्हा निळे-लाल कसे मिसळते हे मुंबईने पाहिले. ‘खोती नष्ट करा’ या मागणीला भाष्यकार लागत नाही. तलासरी-डहाणूच्या वारल्यांना १९४५ मध्ये ‘वेठ बंद’ हे दोन शब्द पुरले. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा नाशिकहून निघालेला मोर्चा दहावीच्या पोरांची परीक्षा मोडू नये म्हणून मुंबईत रातोरात चालला आणि रक्ताळलेल्या पायांच्या त्या आदिवासींना मुंबईकरांनी पाणी, जेवण, चपला दिल्या. त्या मोर्चाची मागणी वनहक्काच्या जमिनीची होती. डावे विचार आणि पर्यावरण दोन्ही त्यात होते, आणि परिसंवाद एकही नव्हता.

हरितांच्या गावप्रेमाबद्दलही बोललेच पाहिजे. ‘पारंपरिक जलव्यवस्थापन’ हा त्यांचा लाडका विषय. आमच्याच तालुक्यात चारठाण्याची बारव पाहायला लांबून लोक येतात. ती सुंदर आहे, गाळ काढला पाहिजे, दगड सांभाळला पाहिजे, यात वाद नाही. पण बारवांवरच्या लेखांत, फोटोंत, व्याख्यानांत एक साधा प्रश्न विचारला जात नाही : या पायऱ्या उतरायची मुभा कोणाला होती आणि कोण वर घागर घेऊन कोणाची तरी दया येईपर्यंत उभे राहायचे? ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या उदात्तीकरणाची सालटी काढली, ती आमच्या मित्रांनी वाचलेली नसावी, किंवा वाचून बाजूला ठेवली असावी. गावाकडे परत चला, असे ऐकले की आमच्या आज्यांना गावकुस आठवते.

आणि पर्यावरण चळवळीचा इतिहास हे लोक कुठून सुरू करतात? १९७३ च्या चिपकोपासून. काहीजण मागे जाऊन १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापर्यंत पोहोचतात. २० मार्च १९२७ चे महाड त्या यादीत नसते. पाण्याच्या सार्वजनिक साठ्यावर सर्वांचा समान हक्क, यापेक्षा मूलभूत पर्यावरणीय मागणी कोणती? बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, म्हणजे कागद होता. तळ्यावर पाऊल ठेवल्यावर डोकी फुटली, तळे गोमूत्राने ‘शुद्ध’ केले गेले, आणि उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल हाती यायला १९३७ उजाडले. चवदार तळ्याला ‘सामाजिक’ कप्प्यात टाकायचे आणि चिपकोला ‘पर्यावरणीय’ कप्प्यात, ही वाटणी कोणी केली? महाडचा जलसत्याग्रह अभ्यासक्रमात पाण्याच्या धड्यात आणा. मग बघा, आमच्या वस्तीतली पोरे तुमच्या शिबिराला आणावी लागतात की स्वतःहून येतात.

बाबासाहेब धरणविरोधी नव्हते, हेही इथेच सांगू. १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर सिंचन आणि विजेचे काम त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना, महानदीचा विचार, १९४५ मधला केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग, यांत त्यांचा हात होता. नदीचे खोरे एक एकक धरून पूर, सिंचन, वीज यांचे एकत्र नियोजन करावे ही त्यांची दिशा होती. त्यामुळे ‘धरण म्हणजे विनाश’ हे सरसकट सूत्र आम्हाला मान्य नाही. येलदरी फोडा असे आम्ही म्हणणार नाही. येलदरी कोणासाठी, हे विचारू. आणि आमच्यातलेच काही पुढारी ‘पर्यावरण हा सवर्णांचा छंद’ म्हणून हात झटकतात, त्यांनाही हे वाचायला द्यावे. ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ या १९४७ च्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती सामूहिक पद्धतीने कसायला देण्याची, आणि त्यात जमीनदार, कूळ, मजूर असा भेद न ठेवण्याची योजना मांडणारा माणूस यांचा नेता आहे.

वाट्याची भाषा केवळ स्वप्न आहे काय? महाराष्ट्राने ती थोडी का होईना बोलून पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या एकरावर न मोजता कुटुंबातल्या माणसांवर मोजायचे, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर मुक्ती संघर्ष चळवळीने बळीराजा स्मृती धरण उभे केले, तिथेही हेच तत्त्व. भारत पाटणकर आणि दिवंगत गेल ऑम्वेट यांच्या श्रमिक मुक्ती दलाने ते पुढे आटपाडीपर्यंत लावून धरले. फुल्यांचा बळीराजा, मार्क्सचा श्रमिक, बाबासाहेबांचा समान हक्क आणि नदीची मर्यादा, हे सगळे एका बांधाऱ्यात आले. तिथे विचार ‘पोहोचवावा’ लागला नाही. भूमिहीन माणसाला पाण्याचा हक्क मिळाला तर तो पाणी भागीदारीत जमिनीवर वापरेल, विकेल, त्यावर चारा करेल. जमीनवाल्याला प्रथमच त्याच्याशी बरोबरीने बोलावे लागेल. कोयता उचलायचा की नाही हे ठरवायला त्याच्याकडे काहीतरी असेल.

कोणी म्हणेल, म्हणजे भाषेचा प्रश्नच नाही? आहे, पण तो वेगळा आहे. माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल २०११ मध्ये सरकारकडे गेला. निर्णय ग्रामसभांनी घ्यावा, असे त्या अहवालाचे म्हणणे. अहवाल मात्र इंग्रजीत, आणि सरकारने तो महिनोन् महिने दाबून ठेवला. माहिती अधिकारात भांडून तो बाहेर काढावा लागला. मराठीत तो वेळेवर गावात आला नाही, आणि मधल्या काळात खाणवाल्यांच्या हितचिंतकांनी कोकणात ‘अहवाल आला तर घराला खिळाही ठोकता येणार नाही’ असे मराठीत, मालवणीत, अगदी सोप्या भाषेत पसरवले. इथे कमतरता सोपेपणाची नव्हती, कागदावरच्या ताब्याची होती. लोकांच्या हाती मूळ कागद द्या, त्यांच्या भाषेत द्या, पूर्ण द्या. गोळी करून मधात बुडवून देऊ नका.

आमच्या परंपरेने हेच केले होते. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ यांचे अग्रलेख आज उघडून पाहा. लांब वाक्ये, कायद्यातले दाखले, आकडे, इतिहास, कुठेही वाचकाला लहान मूल समजलेले नाही. एक वाचायचा आणि वीस ऐकायचे. भीमराव कर्डकांच्या जलशांनी आणि पुढे वामनदादांच्या गाण्यांनी तोच युक्तिवाद रात्रभर उभा केला. मात्र जलसा हे चळवळीचे पॅकेजिंग नव्हते. जलशातला शाहीर सकाळी त्याच गावात मेलेले ढोर ओढायला नकार द्यायचा. आज डफ घेऊन हवामान बदलावर गाणे बसवणाऱ्या मित्रांनी गायकाला सकाळी कुठे उभे राहायचे आहे, हेही ठरवून घ्यावे.

तर आता पाळीचे बोलू. दर हंगामाला कालवा सल्लागार समितीची बैठक होते. त्यात मंत्री, आमदार, अधिकारी, बागायतदारांचे प्रतिनिधी बसतात आणि येलदरी-सिद्धेश्वरची किती आवर्तने कधी सोडायची हे ठरते. त्या खोलीत लाभक्षेत्रातल्या भूमिहीनांचा एकही प्रतिनिधी नसतो. पुढच्या बैठकीआधी आम्ही जिंतूर, औंढा, वसमत या तालुक्यांतल्या ग्रामसभांतून ठराव घेणार आहोत : भूमिहीन कुटुंबांना माणशी पाण्याचा हक्क, पाणी वापर संस्थांत त्यांना सभासदत्व, पिण्याच्या पाण्याचा वस्तीनिहाय हिशोब जाहीर, आणि गायरान कसणाऱ्यांना सातबारा दिल्याशिवाय तिथे एकही खड्डा किंवा सौर खांब नाही. ठरावांचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. कायद्यातली कलमे नीट बसवायला वकील हवेत, पिकांच्या पाण्याचा हिशोब करायला अभियंते हवेत, कालव्याच्या शेपटापर्यंत चालून नोंदी घ्यायला पोरे हवीत. ज्या डाव्या आणि पर्यावरणवादी मित्रांना आपले विचार लोकांपर्यंत न्यायचे आहेत, त्यांनी येताना प्रोजेक्टर आणू नये. राहण्याची सोय वस्तीत होईल. पाणी मात्र आठ दिवसांनी येते, तेवढे लक्षात असू द्या.